वाकणाऱ्या आसाचं इंजिन

पहार दोन्ही हातांनी धरा आणि तोंड बाजूला ठेवा. जॅकवरून पहार सटकली तर ती सरळ हनुवटीवर येते, हे मुकादमानं सकाळीच बजावलंय. तुम्ही नेरळच्या यार्डात आहात. १९८० चं दशक नुकतं सुरू झालंय. माथेरानच्या छोट्या गाडीची वाफेची इंजिनं कायमची थंड झालीत आणि त्यांतलं एक शेडमधून काढून लोकांना दिसेल अशा जागी, चौथऱ्यावर, ठेवायचंय. अंतर बघाल तर हसू येईल. चालत निघालात तर विडी संपायच्या आत पोहोचाल. खलाशांच्या टोळीला मात्र अख्खा दिवस लागणार, कदाचित उद्याचाही.

रूळ असते तर ढकलत नेलं असतं. पण चौथऱ्यापर्यंत रूळ जात नाहीत. म्हणून आधी उचलायचं, मग सरकवायचं, मग पुन्हा उचलायचं.

"कपची टाक आधी! जॅकच्या भरवशावर राहू नको रं!"

नियम साधा आहे. जॅकनं बोटभर उचलायचं, लगेच खाली स्लीपरची चळत वाढवायची, उरलेल्या फटीत लाकडी कपच्या ठोकायच्या आणि मगच दुसऱ्या टोकाला जायचं. जॅक कधी तेल सोडेल सांगता येत नाही, स्लीपर तसा दगा देत नाही. पुरेशी उंची मिळाली की खालून आडवे रूळ सारायचे, त्यांवर ग्रीस फासायचं, साखळी लावायची. मग एक जण आवाज देतो, बाकीचे "हैया" म्हणतात आणि इंजिन हातभर पुढे जातं. थांबा. पुन्हा कपच्या. क्रेन आणली असती तर तासाभरात झालं असतं असं तुमच्या मनात येतंय ना? म्हणून बघा. मुकादम उत्तर देणार नाही, नुसता बघेल.

चाकांना दट्ट्यांशी जोडणारे दांडे कालच उतरवलेत. ते तसेच ठेवून इंजिन ओढलं तर सिलिंडरमधले दट्टे कोरडेच घासत राहतात आणि आतून ओरखडे पडतात. चौथऱ्यावर उभं राहणाऱ्या इंजिनाला ओरखड्यांची काय फिकीर, असं एका पोरानं विचारलंही. फिटरनं त्याला तेलाची बुधली आणायला पिटाळलं.

आता बघा. पुढचं टोक वर आलं, चाकांनी रूळ सोडला आणि चाकांची जोडी आपोआप एका अंगाला वळली. तुमच्या पोटात गोळा येतो. आस तुटला की काय?

"तुटला न्हाई वो. त्यो तसाच हाय, जन्मापासनं," फिटर म्हणतो आणि चाकांना दोरानं बांधायला घेतो.

हा जन्म बघायचा तर पंचाहत्तर वर्षं मागे या.

१९०७. हेच नेरळ, पण पहाटेआधीचं. शेडमध्ये कंदील आहे आणि तुम्ही इंजिनाच्या पोटाखाली उताणे पडलाय, हातात तेलात भिजलेला बोळा. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्यातून जहाजानं आलीत. एकूण चार, पुढे ७३८ ते ७४१ या नंबरांनी ओळखली जाणारी. पैसा आदमजी पीरभॉय यांचा, राबणूक त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. १९०४ साली सुरू झालेलं काम आता पुरं झालंय आणि सोळा लाख रुपये खर्च झालेत. सल्लागार म्हणून बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शीचे रूळ अडीच फुटी, इथले दोनच फुटी. त्यांची बार्शीची गाडी सपाट मुलखात धावते, इथं तर समोर भिंतीसारखा डोंगर आहे.

वळणं इतकी कडक की तीन आसांचं साधं इंजिन त्यांत अडकून रूळच उचकटेल. म्हणून वर बघा, कंदील जवळ घ्या. जाड दिसतो तो आस आतून पोकळ आहे. चाकं त्या पोकळ नळीवर बसवलीत. नळीच्या आत दुसरा, भरीव आस आहे आणि दोघांची गाठ मधोमध एका गोळ्याशी पडते. बाहेरचे दांडे भरीव आसाला फिरवतात. तो जागचा हलत नाही. पोकळ नळी मात्र गोळ्याभोवती चाकांसकट थोडी वळते, थोडी सरकते. पुढचा आणि मागचा आस असे, मधला सरळ. क्लीन-लिंडनर म्हणतात या रचनेला. वळणावर इंजिन जणू गाडीवाटेवरच्या जुन्या बैलासारखं अंग चोरून जातं, आणि दांडे मात्र सरळच फिरत राहतात. मला विचाराल तर सगळ्या माथेरान रेल्वेत याच्याइतकं देखणं काही नाही, आणि ते कुणालाच दिसत नाही.

तो गोळा तेल मागतो. रोज. तेल तिथं पोहोचवायला हात कुठून घालायचा हे कुठल्या कागदावर नाही. काल म्हाताऱ्या फिटरनं तुमचं मनगट धरून दाखवलं.

आता बाहेर या, आग पेटलीय. चिंध्या, रॉकेल, लाकूड, मग कोळसा. वाफ धरायला काही तास जातात, घाई केली तर बॉयलरचे सांधे रडतात. गाडी सुटते. पुढे एकवीस किलोमीटर आहेत आणि चढायचं आहे जवळजवळ साडेसातशे मीटर. जागोजाग वीस फुटांना एक फूट असा चढ. फावडं तुमच्या हातात आहे, पण नजर पाण्याच्या काचेवर ठेवा. चढावर बॉयलर तिरका होतो, पाणी एका टोकाला जमतं आणि काच खोटं सांगते. भरपूर दिसलं म्हणून निर्धास्त राहिलात आणि पुढे सपाटी आली तर पाणी झरकन सरकेल, आगपेटीचं छत उघडं पडेल. छतात शिशाचा डाट असतो. पाणी नसेल तर तो वितळतो आणि वाफ सरळ आगीवर येते. इंजिन वाचतं, फायरमनची बोलणी खाऊन खाऊन चाळण होते.

जुम्मापट्टी स्टेशन गेलं. चाकं एकदा जागच्या जागी फिरतात. ड्रायव्हर वाफ तोडतो, वाळू सोडतो, पुन्हा हळूच देतो. वॉटर पाइप स्टेशनात टाक्या भरून घ्या. वाटेत एक एवढासा बोगदा, त्यात तुमचा खोकला आणि प्रवाशांची हसाहस. उतरताना काम उलटं: डब्याडब्यावर बसलेला ब्रेकवाला इंजिनाच्या शिट्टीकडे कान लावून हातानं ब्रेक आवळतो. जड गाडी डोंगरावरून खाली आणायची म्हणजे इंजिनापेक्षा या माणसांचाच भरवसा.

मधली वर्षं भराभर सोडा. १९५० च्या दशकात युंग कारखान्याची डिझेलं आली, तीही जर्मनीचीच. त्यांना पहाटे कुणी पेटवायला लागत नाही. वाफेची इंजिनं तरीही आणखी पंचवीसेक वर्षं तग धरून राहिली आणि मग थांबली.

इंग्लंडला चला. बेडफर्डशरमधलं लेटन बझर्ड. १९१९ साली वाळूच्या खाणींसाठी टाकलेली छोटी लाइन, आता हौशी स्वयंसेवक चालवतात. रूळ दोन फुटी, म्हणजे माथेरानच्याच मापाचे. शेडमध्ये शिरा. समोर ७४० उभं आहे. चारांतलं हे एक समुद्र ओलांडून इथं आलंय. इथं डोंगर नाही, ब्रेकवाले नाहीत, पावसाळ्यात चार महिने बंद राहायची चाल नाही. बाहेर रिमझिम चालू आहे आणि चहा बेचव आहे.

पण माणसं पोटाखाली उताणी पडलेली आहेत, तुम्ही पडला होतात तशीच. इंजिन पेटवायचं म्हणजे इथं आधी बॉयलरच्या नळ्या काढायच्या, पत्र्याची जाडी मोजायची, थंड पाणी जादा दाबानं भरून पाहायचं. पास झालं तर दहा वर्षांची मुदत, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. कुणी निवृत्त, कुणी शनिवारी सुट्टी असलेला. त्यांना नेरळ नकाशावर दाखवता येईलच असं नाही, पण गोळ्याला तेल कुठून द्यायचं ते नक्की सांगतील. आपलं इंजिन परदेशात गेलं म्हणून हळहळणारे मला भेटतात. मी पूर्वी त्यांच्या सुरात सूर मिसळायचो, हल्ली नाही.

नेरळला परत. नव्या शतकाची पहिली वर्षं. यार्डात वेगळंच इंजिन आलंय: दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गातलं ७९४. दोन फुटी रूळ तिथंही, म्हणून हिमालयातलं इंजिन सह्याद्रीच्या पायथ्याला चालतं. बॉयलरच्या पाठीवर खोगीर टाकावं तशी पाण्याची टाकी, आणि आस दोनच. वळणांवर याचा इलाज म्हणजे अंगच आखूड ठेवायचं. पोकळ आस नाही की गोळा नाही. दार्जिलिंगला पुढच्या बाजूला माणसं बसवून रुळांवर हातानं वाळू टाकत. फलाटावरची मंडळी फोटो काढतात आणि "माथेरानचं जुनं इंजिन" म्हणून पोरांना दाखवतात. घरचं इंग्लंडात, परगावचं घरात. २६ जुलै २००५ च्या पावसानं तर रूळच वाहून नेले. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं.

आता चौथऱ्यापाशी या. तुम्ही ढकललेलं इंजिन इथंच आहे. हातात रंगाचा डबा घेऊन तुम्ही उभे आहात, चाकांना लाल आणि कडांना पांढरा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ थांबलेत, पूर्वीचे फायरमन. ते रंगाकडे बघतही नाहीत. वाकून राखेच्या पेटीत हात घालतात आणि ओली, काळी मूठ बाहेर काढतात.

"बगितलंस? ही राख आमच्या वक्ताची. कोळशात गंधक असतंय, पाऊस लागला की त्याचं तेजाब होतं. आतून खातंय."

"रंग दोन हात देऊ का मग, काका?"

"वरनं दहा हात दे, आत काय व्हायचं?" ते धुराच्या पेटीचं दार ओढून बघतात. कडी गंजून चिकटलीय. "आन् बॉयलरवरचं ते पांढरं आवरण हातानं काढू नको, जुन्या काळी त्यात अ‍ॅसबेस्टॉस घालायचे. जाणकार मानूस बोलाव."

"पेटेल का हे कधी, काका?"

"नळ्या काढल्याबिगर कोन सांगनार? पेटायचं मागनं बगू. डबा ठेव खाली. फावडं आन, आन् वंगणाची बुधली. त्यो गोळा कुठं असतो म्हाईत हाय का तुला? न्हाई ना? मग पड उताना."