'करायलास' : क्रियापदाच्या पोटातला पुरावा

संस्कृत ही सर्व भाषांची जननी, असे आजही वर्गावर्गातून सांगितले जाते. वास्तविक 1786 सालीच कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आता उरलेली नसावी, असे मांडले होते. म्हणजे संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण. (या नात्यावरून रक्ताचे नाते काढणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी 1946 साली 'हू वेअर द शूद्राज?' मध्ये वेदांच्याच आधारे घेतला आहे.)

त्या आईचा एक शब्दही कुणी लिहून ठेवलेला नाही. तिची क्रियापदे लेकींच्या तोंडून गोळा करावी लागतात : संस्कृत 'अस्ति', ग्रीक 'एस्ति', लॅटिन 'एस्त'. पण ही नुसती बेरीज नव्हे. संस्कृत 'पाति' म्हणजे राखतो. लॅटिन 'पास्को' म्हणजे गुरे चारतो, चर्चमधला 'पास्टर' त्यातलाच. अशा धातूंतला दीर्घ स्वर ही गळून गेलेल्या ध्वनीची खूण आहे, असा तर्क सोस्यूरने 1879 साली, एकविसाव्या वर्षी केला. तो ध्वनी तेव्हा कोणत्याही ज्ञात भाषेत दाखवता येत नव्हता. पुढे तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरील हित्ती भाषा 1915 साली ह्रोझ्नीने उलगडली, आणि 1927 साली कुरिलोविचने दाखवले की हित्तीतला 'ह'सारखा ध्वनी नेमका त्या जागी शाबूत आहे. राखणे याला हित्ती धातू 'पह्स'. सोस्यूर 1913 सालीच वारला होता.

हीच रीत आपल्या अंगणात लावून पाहू. लातूर-नांदेडकडे 'काय करायलास?' म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याने मुलाखतीत 'शिकायलोय' म्हटले, तर समोरची मंडळी हसली. त्यांना ते अशुद्ध वाटले. मी फळ्यावर त्याच्याशेजारी दुसरे रूप मांडतो, तेही आपल्याकडचेच : 'करायलालास'. यात एक 'ला' जास्त आहे. तो आला कुठून? माझ्या मते 'करायला लागलास' मधून. 'लागणे' झिजत गेले, 'ग' गळाला, मग उरलेला 'ला'ही शेजारच्या 'ला'त मुरला. आरंभ सांगणारे क्रियापद चालू काळ सांगू लागले. जी रूपे पुस्तकात नाहीत, त्यांच्याच आधाराने हा मधला टप्पा हाती लागतो.

पुढच्या सत्रात मुले गावोगावची ही रूपे वहीत उतरवणार आहेत. रूपाशेजारी गाव, बोलणाऱ्याचे वय, आणि घर गावात की वस्तीवर, हेही लिहायचे ठरले आहे.