बार्शी लाईट आणि मॅनिफोल्डची सायकलवाट

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात वॉटरहाउसेस ते हल्म एंड अशी सुमारे 13 किलोमीटरची एक डांबरी वाट आधी हॅम्प्स आणि मग मॅनिफोल्ड या नद्यांच्या काठाने जाते. नुकतीच सायकल शिकलेली मुले आणि त्यांच्यामागून सावकाश येणारे आजीआजोबा तिथे एकाच वेळी दिसतात, कारण दोन्ही बाजूंना चुनखडीचे उंच कडे असूनही वाटेला दमवणारा चढ जवळजवळ नाही. हा सपाटपणा निसर्गाचा नव्हे. 1904 ते 1934 या काळात येथून लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे ही नॅरोगेज आगगाडी धावत होती आणि आजची वाट तिच्याच रूळमार्गावर आहे. या आगगाडीचे मूळ मात्र सोलापूर जिल्ह्यात सापडते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. या कंपनीचा लोहमार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता, त्यामुळे कापसाची ही मोठी बाजारपेठ बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी, स्थानकापासून सुमारे 34 किलोमीटर दूर राहिली आणि माल बैलगाड्यांवर अवलंबून राहिला. तेथे 2 फूट 6 इंच रुंदीचा स्वस्त लोहमार्ग टाकता येईल हे कॅलथ्रॉपने ओळखले. त्याच्या विचाराचा गाभा आसभाराचा, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर पडणाऱ्या वजनाचा होता: इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि पूल व भराव यांचा खर्चही आटोक्यात राहतो. 1897 मध्ये सुरू झालेली ही ‘बार्शी लाईट’ पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली आणि कापसाइतकीच वारकऱ्यांचीही झाली.

इकडे इंग्लंडमध्ये 1896 च्या लाईट रेल्वे कायद्याने कमी वेगाच्या ग्रामीण गाड्यांना मुख्य मार्गांच्या कडक नियमांतून सूट दिली होती. मॅनिफोल्डच्या खोऱ्यासाठी कॅलथ्रॉपला बोलावण्यात आले, तेव्हा त्याने बार्शीचेच माप तेथे नेले, आणि नॅरोगेज अधिक तीव्र वळणे घेऊ शकत असल्याने डोंगर फोडण्याऐवजी नदीच्या कलाने जाणारा मार्ग शक्य झाला. लीड्सच्या किटसन कारखान्यानेच बार्शीची इंजिने घडवली होती आणि याही मार्गाची दोन इंजिने त्याच कारखान्यातून आली. त्यांच्या पुढच्या बाजूचे भलेमोठे दिवे पाहिले, की ही गाडी दख्खनच्या माळावर धावण्यासाठी बनवली असावी असे वाटे. मोठ्या मापाचे मालडबे जसेच्या तसे उचलून नेणाऱ्या बुटक्या वाहक-गाड्या हेही कॅलथ्रॉपचेच वैशिष्ट्य होते. रूळांची रुंदी बदलते त्या ठिकाणी माल उतरवून पुन्हा भरण्याची हमाली त्यामुळे टळे.

या वाहक-गाड्यांवर चढवलेला डबा आत मावावा, म्हणून स्वेन्सली येथील एकमेव बोगदा नॅरोगेजच्या मानाने बराच ऐसपैस काढावा लागला. त्या बोगद्याची गरज भूगोलापेक्षा एका सद्गृहस्थाच्या खिडकीशी अधिक निगडित होती असे सांगितले जाते. सर टॉमस वॉर्डल हे लीकचे रेशीम-रंगारी असून हिंदुस्थानी टसर रेशमाचे मोठे जाणकार होते आणि या रेल्वेचे एक संचालकही होते. तरीही आपल्या स्वेन्सलीच्या घरातून गाडी दिसू नये अशी त्यांची इच्छा होती. आगगाडी गावाला हवी, पण आपल्या अंगणात नको, ही वृत्ती भांडवल गुंतवणाऱ्यांनाही चुकली नाही.

बार्शीला बाजार आणि यात्रा दोन्ही होत्या; मॅनिफोल्डला यांतले काहीच नव्हते. एक्टनच्या तांब्याच्या खाणींचा सुवर्णकाळ अठराव्या शतकातच सरला होता, आणि ग्रिंडन, वेटन, बटरटन ही गावे पठारावर वसलेली असल्याने त्यांच्या नावाने ओळखली जाणारी स्थानके पार खाली, नदीकाठी होती. गाडीतून उतरलेल्या माणसाला घर गाठण्यासाठी डोंगर चढावा लागे, आणि मोटारबस दारात येऊ लागताच त्याने गाडीकडे पाठ फिरवली. सुट्टीच्या दिवशी सहलीला येणारी गर्दी आणि एरवी दूध, एवढ्यावर गाडीचा संसार चालला. पुढे दूधही रस्त्याने जाऊ लागले आणि मार्च 1934 मध्ये मार्ग बंद झाला.

रूळ उखडल्यानंतर लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने ही पट्टी स्टॅफर्डशर परगणा परिषदेच्या हवाली केली आणि 1937 मध्ये ती पायवाट म्हणून खुली झाली. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान 1951 चे, म्हणजे ही वाट त्याहून 14 वर्षांनी वडील आहे. बंद लोहमार्गांच्या सायकलवाटा करण्याची चळवळ तर त्यानंतर अनेक वर्षांनी आली. गावांपासून दूर राहण्याचा जो दोष रेल्वेला भोवला, तोच येथे गुण ठरला: घरे नाहीत, दुकाने नाहीत, फक्त नदी, आणि तीही उन्हाळ्यात वेटन मिलपाशी चुनखडीच्या भेगांत शिरून गुप्त होते, तेव्हा सायकलस्वाराच्या शेजारी गोट्यांचे कोरडे पात्र तेवढे उरते. वर कड्यात थॉरच्या गुहेचे प्रचंड तोंड दिसते, मात्र तिथवर जायचे तर सायकल खाली ठेवून चढण चढावी लागते, जशी पूर्वी स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला चढावी लागत असे.

बार्शी लाईटचा मार्ग एकविसाव्या शतकात ब्रॉडगेज झाला आणि त्यावरून आज लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. तिच्या इंग्लंडमधील धाकट्या बहिणीचे हल्म एंड येथील तिकीटघर मात्र शिल्लक आहे. वेटन मिल ते स्वेन्सली एवढ्याच टप्प्यात या वाटेवरून मोटारीही जातात. वाहक-गाड्यांसाठी ऐसपैस ठेवलेल्या त्या बोगद्यात आता मोटार सहज मावते, आणि समोरून तिचे दिवे दिसले, की मुलांना सायकली भिंतीकडे घ्यायला सांगितले जाते.