पट्टकिलाचा पाटील

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, कळमनुरीकडच्या कुठल्याही गावात ‘पाटील आहेत का?’ असं विचारलं, तर लोक वाडा दाखवतात. या शब्दाचं मूळ ‘पट्टकिल’. पट्ट म्हणजे लेख कोरायचा पत्रा, राजाची सनद. तिच्या जोरावर गाव सांभाळणारा तो पट्टकिल. परमार राजा भोजाच्या ताम्रपटात दान दिलेल्या गावचे रहिवासी, पट्टकिल वगैरेंना उद्देशून आज्ञा आहे. पट्टकिलातला ‘क’ गळाला, ‘ट्ट’चा ‘ट’ होताना आधीचा स्वर लांबला आणि पाटील झाला. पट्टाचा पाट झाला तसाच.

साम्राज्यं बुडाली, पण गावातली उतरंड टिकली. वर पाटील, खाली बलुतेदार, आणि वेशीबाहेर ठेवलेली माणसं. शब्दाच्या थोरवीत त्यांना विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

निजामी अमलात हिंगोलीकडे पाटलाचे दोन प्रकार होते, पोलीसपाटील आणि मालीपाटील. मालीपाटलाचा माळ्याशी संबंध नाही. अरबीतून आलेला ‘माल’ म्हणजे इथे महसूल. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली. पोलीसपाटील उरला, पण तो आता परीक्षा देऊन नेमला जातो, आरक्षणासह. काही गावांत त्या पदावर बाई आहे.