खगोल इतिहासातील स्मरणदिन : बऱ्हाणपूर आणि मराठी मुलूख

खगोलशास्त्राचे दिनविशेष म्हटले की गॅलिलिओ, न्यूटन ही नावे आपल्या मुलांना सहज आठवतात. धूलकोटच्या आपल्या कुटुंबांना जवळचे वाटावेत असे काही दिवस आम्ही येथे एकत्र देत आहोत.

५ जानेवारी १५९०, बऱ्हाणपूर : राजा अली खान फारुकी याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यात विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी २३ घटी व पुढे एकादशी, सोमवार, कृत्तिका नक्षत्र, शिवाय योग आणि करणही कोरले आहे. म्हणजे पंचांगाची पाचही अंगे दगडावर आहेत. एक घटी २४ मिनिटांची. त्यामुळे सूर्योदयानंतर ९ तास १२ मिनिटांनी दशमी संपली, इतका नेमका हा हिशेब आहे.

१८ ऑगस्ट १८६८ : या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनी गुंटूर येथून केले. सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचा शोध लागला. हा दिवस विजयदुर्ग येथे हेलियम दिन म्हणून पाळला जातो.

१८९६ : मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला. तो मराठीत लिहिलेला आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

१९२३, उज्जैन : सवाई जयसिंह यांनी उभारलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी करविला. तेथील यंत्रे आजही पाहता येतात.

२२ ऑगस्ट १९४४, पुणे : हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली.

१९ जुलै १९३८ : डॉ. जयंत नारळीकर यांचा कोल्हापुरात जन्म. २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन.

दिवस नेमका कोणता धरावा? शकात ७८ मिळवले की बहुधा इसवी सन मिळतो. मात्र पौष ते फाल्गुन या काळात जानेवारी उजाडून गेला असेल, तर ७९ मिळवावे लागतात. म्हणूनच शके १५११ चा हा पौष १५९० मध्ये येतो, १५८९ मध्ये नाही. शिवाय वर दिलेली ५ जानेवारी ही जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची आहे. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे तो दिवस १५ जानेवारी होतो. वार मात्र दोन्हीकडे सोमवारच!

घरातील जुन्या जन्मपत्रिका, खरेदीखते किंवा वंशावळी वाचताना हाच नियम उपयोगी पडतो. केवळ शक पाहून सन लिहिला, तर एका वर्षाची चूक होते आणि तीच पुढच्या पिढीकडे जाते. तिथी व वार सोबत उतरवून ठेवले, तर पडताळा घेता येतो. बऱ्हाणपूरच्या त्या लेखाची तारीख आज ठामपणे सांगता येते, ती याच तपशिलामुळे.