शनिवारचा खाऊ

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईला मी एक वाक्य सांगतो. "गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या. दोन जेवणांच्या मध्ये, दाताला चिकटून राहील असं काही देऊ नका." लहान मुलांचे दात पाहणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य पाठच असतं. पण ते सिद्ध कुणाच्या दातांवर झालं, हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात एका प्रयोगाचं नाव होतं, एक आलेख होता आणि परीक्षेला हमखास येणारा प्रश्न होता. त्या आलेखातल्या रेषांमागे माणसं होती, हे पुष्कळ उशिरा उमगलं. आज त्या माणसांविषयी बोलायचं आहे.

गोष्ट स्वीडनमधली आहे. १९३०च्या दशकात त्या देशात किडलेले दात ही घरोघरची व्यथा होती. अगदी तीन-चार वर्षांच्या पोरांचेही दात किडलेले असत. १९३८ साली तिथल्या सरकारने सार्वजनिक दंतसेवा सुरू केली आणि त्यात मुलांवर विशेष भर दिला. पण दात किती आणि डॉक्टर किती! नुसतं भरत आणि उपटत बसून हे संपणार नाही, मुळातच कीड थांबवायला हवी, हे लवकरच लक्षात आलं.

पण कीड लागते कशाने? तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दात पोखरतं, असं मिलर या शास्त्रज्ञाने १८९० सालीच मांडलं होतं. तरीही आहारात जीवनसत्त्वं कमी पडतात म्हणून दात किडतात, असं मानणारेही बरेच होते. वादाचा निकाल लावायचा तर शेकडो माणसांचं खाणं काही वर्षं मोजूनमापून द्यायला हवं. घरीदारी हिंडणाऱ्या माणसांवर हे कसं जमणार?

त्यासाठी लुंड शहरातलं व्हिपेहोल्म रुग्णालय निवडलं गेलं. १९३५ साली सुरू झालेल्या या संस्थेत तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं ठेवलेली असत. ती बाहेर जात नसत आणि पुढ्यात येईल ते खात. १९४५ साली प्रयोग सुरू झाला तो जीवनसत्त्वांचा होता. १९४७ मध्ये मात्र दिशा बदलली आणि साखर आली. रुग्णांचे गट पाडले गेले. कुणाला जेवणाबरोबर साखरेचं पाणी, कुणाला गोड पाव, कुणाला चॉकलेट. काही गटांना दोन जेवणांच्या मध्ये टॉफी दिली जाई, दिवसाला आठ किंवा चोवीस. ही टॉफी मुद्दाम चिकट बनवून घेतली होती. प्रयोगाला सरकारी पैसा होता, तसाच साखर आणि मिठाई उद्योगाचाही होता.

निष्कर्ष १९५४ साली सविस्तर प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर भरपूर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नव्हते. मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. टॉफी बंद केल्यावर नवी कीड लागण्याचं प्रमाण पुन्हा खाली आलं. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि किती वेळ दाताला चिकटून राहिली, याला महत्त्व जास्त. दर वेळी गोड खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं. लाळ ते धुऊन काढते, पण तिला अर्धाएक तास लागतो. तेवढ्यात दुसरी गोळी आली, तर दाताला उसंतच मिळत नाही.

यातून स्वीडनमध्ये एक रीत रुजली. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून आईबापांना सांगितलं जाऊ लागलं, की रोज थोडं थोडं गोड देण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच द्या. ती रीत म्हणजे 'शनिवारचा खाऊ'. तिथली मुलं आजही शनिवारची वाट पाहतात.

आणि व्हिपेहोल्मचे रुग्ण? त्यातल्या अनेकांचे दात कायमचे गेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या नातेवाइकांनाही नाही. माणसावर प्रयोग करायचा तर आधी त्याची संमती हवी, असं बजावणारी न्यूरेम्बर्ग संहिता १९४७ सालचीच. त्याच वर्षी इथे टॉफी वाटायला सुरुवात झाली होती. एलिन बोमेनेल या संशोधिकेने या प्रयोगांचा इतिहास २००६ साली ग्रंथरूपाने मांडला. रुग्णालय केव्हाच बंद झालं आहे.

हे वाचल्यानंतर मला माझ्याच दवाखान्यातला एक प्रसंग वेगळा दिसू लागला. एक आई आपल्या स्वमग्न मुलाला घेऊन आली होती. मुलगा नऊ वर्षांचा, गाल सुजलेला. त्याआधी तीन ठिकाणांहून "हा खुर्चीत बसणार नाही" म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. पहिल्या दिवशी तो माझ्याही खुर्चीत बसला नाही. मी औषध लिहून दिलं. चौथ्या भेटीत तो बसला. चौकशी केली तेव्हा कळलं, की सांगितलेलं काम केलं की त्याला बक्षीस म्हणून एक टॉफी मिळे. शाळेत, घरी, दिवसातून दहा-बारा वेळा. हेतू मायेचाच होता. पण दाताला माया कळत नाही.

अशा मुलांच्या पालकांना माझं सांगणं असतं, की बक्षीस म्हणून टाळी द्या, चित्र द्या, आवडतं गाणं लावा. फिट्स किंवा खोकल्याचं गोड औषध दिल्यावर तोंड पाण्याने धुवा. ब्रशची मूठ हातात धरवत नसेल तर तिच्यावर कापड गुंडाळून ती जाड करा. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन मागून ब्रश करा. जन्मजात हृदयविकार असेल तर दातांची काळजी दुप्पट घ्या, कारण दातातला संसर्ग रक्तावाटे हृदयापर्यंत जाऊ शकतो. आणि पहिला दात आला की, वर्षाच्या आत, डॉक्टरला दाखवा. दुखायला लागेपर्यंत थांबू नका.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा व्यक्तींना उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद केली आहे. पण कायद्याचं राहू द्या. आपण रोज ज्या ज्ञानावर सल्ला देतो, ते ज्यांच्या दातांच्या मोलाने मिळालं, त्यांच्यासारख्याच एखाद्या मुलाला आपण दारातून परत पाठवावं का? पहिल्या भेटीत नुसती खुर्ची दाखवावी, दुसऱ्या भेटीत आरसा हातात द्यावा. वेळ लागतो, पण मूल बसतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)