शिक्षेची घोषणा झाली, उपचाराची खोली कुठे आहे?

वस्तीतल्या मुलीवर अत्याचार झाला की आम्ही मोर्चा काढतो. तो काढलाच पाहिजे. पण आरोपी पंधरा-सोळा वर्षांचा असला, तर फाशीच्या घोषणेपुढे आमचा विचार जात नाही. अशा मुलांचे या देशाने आजवर काय केले?

१८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह सुरू झाले. १८७६ आणि १८९७ च्या कायद्यांनी अल्पवयीन गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेची वाट दाखवली. तिथे भर होता शिस्तीवर आणि हातकामावर. याच काळात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मानेच गुन्हेगार ठरवला. १८९७ च्या दुरुस्तीने तर या जमातींची चार वर्षांची लेकरेही आईबापांपासून तोडण्याची सोय केली. दोष रक्तातच मानला की उपचाराचा प्रश्नच उरत नाही. चातुर्वर्ण्याचेच हे सरकारी रूप!

२००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी वय १८ केले. २०१२ च्या दिल्ली प्रकरणानंतर न्या. वर्मा समितीने हे वय कमी करायला नकार दिला. तरीही २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलांवर, गुन्हा निर्घृण असेल तर, प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. त्यावर रान पेटले. पण त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये विशेषगृहातील मुलासाठी समुपदेशन, वर्तनोपचार आणि मानसोपचारही लिहिले आहेत. त्यासाठी मोर्चा कोणी काढला?

उपचार म्हणजे माफी नव्हे. केलेले कृत्य कबूल करणे, संमतीचा अर्थ शिकणे, पुन्हा तशी वेळ आल्यास काय करायचे ते ठरवणे, पालकांना सामील करून घेणे आणि सुटकेनंतर पाठपुरावा करणे, हे सारे त्यात येते. गावातली बडी मंडळी "पोरगं लहान आहे" म्हणत पीडितेच्या घरी तडजोडीला जातात, त्याला आमचा ठाम विरोध आहे. उपचार बाल न्याय मंडळाच्या आदेशानेच व्हावा. तो खटल्याला पर्याय ठरू नये.

तथागतांनी अंगुलिमालाला संघात घेतले. पण भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड बसले, तेव्हा ते सोसायलाही सांगितले. बदलाची संधी दिली, जबाबदारी माफ केली नाही.

संविधानाचे कलम १५(३) स्त्रिया आणि बालके, दोघांसाठी विशेष तरतुदीची मुभा देते. म्हणून पुढच्या मोर्चाच्या निवेदनात आणखी एक मागणी लिहू या : आमच्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात प्रशिक्षित समुपदेशक नेमा. तो मुलगा एक दिवस बाहेर येणारच आहे. तेव्हा वस्तीत दुसरी मुलगी असेल.

जय भीम!