खननयंत्र-निर्मात्यांमधील स्पर्धा

कूटचलनाचे खनन म्हणजे व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीत पुढचे पान, म्हणजे ‘ठोकळा’ (ब्लॉक), जोडण्याचा हक्क व त्याबरोबरची नवी नाणी मिळवण्यासाठी यंत्रांनी केलेली आकडेमोडीची शर्यत होय. २००९ साली बिटकॉइनची ही आकडेमोड घरगुती संगणकावर होत असे. पुढे ती ग्राफिक्स कार्डांवर गेली आणि २०१३ च्या आरंभी चीनमधील झांग नानगेंग यांच्या गटाचे ‘अवलॉन’ हे यंत्र बाजारात आल्यावर केवळ याच कामासाठी घडवलेल्या चिपचे, म्हणजे ‘एसिक’चे, युग सुरू झाले.

झांग यांची कनान, जिहान वू व झान केतुआन यांची बिटमेन (२०१३) आणि बिटमेनसाठी चिपरचना केलेल्या यांग झुओशिंग यांची मायक्रोबीटी (२०१६) या तीन चिनी कंपन्यांत मुख्य चुरस राहिली. तिचे मुख्य माप हे आहे: एक टेराहॅश, म्हणजे एक लाख कोटी प्रयत्न, करण्यास किती जूल वीज लागते. बिटमेनच्या २०१३ मधील एस-१ यंत्राला सुमारे २,००० जूल लागत, २०१६ मधील एस-९ ला सुमारे १००, तर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एस-२१ ला १७.५. या कंपन्या चिपची रचना करतात, पण ती घडवतात तैवानची टीएसएमसी किंवा दक्षिण कोरियाची सॅमसंग. त्यामुळे त्यांच्या कारखान्यांत वेळेवर जागा मिळवणे हाही स्पर्धेचाच भाग ठरतो. इंटेलने २०२२ मध्ये आणलेली अशी चिप वर्षभरातच बंद केली.

या स्पर्धेचे वेगळेपण भिवंडीच्या यंत्रमागांशी तुलना केल्यास उमगते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीत आले आणि पुढे कित्येक वर्षे कापड विणत राहिले. शेजाऱ्याने वेगवान रॅपियर माग बसवल्यास कापडाचा भाव पडू शकतो, पण आपल्या मागावरचे कापड वीतभरही कमी होत नाही. खननात मात्र नाण्यांचा एकूण पुरवठा ठरलेला असून, दर २,०१६ ठोकळ्यांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, या आकडेमोडीची काठिण्यपातळी जगभरच्या यंत्रशक्तीनुसार बदलते. म्हणून नवे यंत्र जोडले गेले की प्रत्येक जुन्या यंत्राच्या वाट्याची नाणीच घटतात. निर्माता आज जे यंत्र विकतो, ते त्यानेच काल विकलेल्या यंत्राची कमाई खाते, आणि बिटमेनप्रमाणे निर्माता स्वतःही खनन करत असेल, तर गिऱ्हाइकाचा पुरवठादारच त्याचा प्रतिस्पर्धी बनतो, ही या धंद्यातील सर्वांत गंभीर बाब आहे.

एसिक दुसरे कोणतेही काम करू शकत नसल्याने जुन्या यंत्राचे आयुष्य मुख्यतः विजेच्या दरावर टिकून असते. एस-९ दिवसाला सुमारे ३२ युनिट वीज घेते, आणि भिवंडीत, जिथे २००७ पासून वीजवितरण टोरेंट पॉवर या फ्रँचायझीकडे आहे, मागवाल्यांना मिळणारी दरसवलत यंत्रमागासाठी आहे, खननासाठी नव्हे. शिवाय भारतात १ एप्रिल २०२२ पासून कूटचलनासारख्या आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर लागू असून त्यातून खननयंत्रणेचा खर्च वजा करता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक ठोकळ्यामागची नवी नाणी ६.२५ वरून ३.१२५ वर आल्यानंतर एस-९ सारखी यंत्रे अत्यंत स्वस्त वीज असलेल्या ठिकाणांपुरतीच उरली.